फोटो कुणी काढला

मराठीतल्या ‘काढणे’ या क्रियापदावर माझा राग आहे. आपण सगळंच काढतो. रांगोळी काढतो, दृष्ट काढतो, दुसऱ्याच्या खोड्या काढतो, आणि काही सुचलं नाही की जुनं भांडण उकरून काढतो. फोटोसुद्धा काढतो, आणि तोच फोटो भिंतीवर नको झाला की तोही काढतोच. एवढ्या सगळ्या कामांना एकच शब्द पुरवून वापरणाऱ्या आपल्या पूर्वजांना काय म्हणावं? या एका शब्दापायी सुलोचनावहिनींनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि त्या कायमच्या जयपूर सोडून निघाल्या तरी अबोला सुटेना.

मी अलका. माहेर सांगलीचं. लग्न झाल्या झाल्या मनोहरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, विम्याच्या कचेरीतून जयपूरला बदली झाली. पुढे या ना त्या कारणाने आम्ही इथेच मुक्काम ठोकला. पण त्या पहिल्या वर्षी मला जयपूर नकोसं झालं होतं. भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागितली तर तो शेजारच्याला विचारायचा, ‘ये बहनजी क्या बोल रही हैं?’ दिवाळी आली, माहेरी जायला रजा नाही, आणि भाऊबिजेच्या दिवशी मी सकाळपासून डोळे गाळत बसलेली. तेवढ्यात दारात दादा उभे. रेल्वेच्या हिशेब खात्यातले नंदकिशोर सबनीस. इथल्या मराठी मंडळात आमची नुकती तोंडओळख झाली होती. मागे सुलोचनावहिनी. दादा म्हणाले, इथे ओवाळायला एक भाऊ कमी पडतोय असं कळलं, तेव्हा पाट मांड. मी पाट मांडला. त्यानंतर एकही भाऊबीज चुकली नाही. त्यांना ‘दादा’ सगळंच जयपूर म्हणायचं, त्यांच्या ऑफिसचा शिपाईसुद्धा ‘दादाजी’ म्हणायचा. पण माझे ते खरोखरच दादा होते, आणि म्हणून त्या माझ्या वहिनी. त्या मात्र मला ‘अलका’च म्हणायच्या. वयाने केवढ्या तरी मोठ्या.

दादा गेले ते हृदयविकाराने, झोपेतच. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातला, आमच्या मराठी मंडळाने वेबसाईट करायची टूम काढली. (बघा, टूमही काढतातच.) मी सी-स्कीम भागात एक कॉम्प्युटर क्लास लावला होता. वर्गात सगळ्या माझ्या मुलीच्या वयाच्या पोरी आणि मधे मी, पण शिकले. मंडळाकडे खर्च करायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून साईट फुकट जागा देणाऱ्या ठिकाणी टाकली. फुकट जागेचा नियम असा, की पानाच्या डोक्यावर ते त्यांच्या जाहिराती लावणार. चमचम करणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, डोकं उठवणाऱ्या. म्हटलं असू दे. फुकटच्या गाईचे दात कुणी मोजतं का?

गणपतीत हॉलच्या भिंतीवर सगळ्यांना साईट दाखवली. आधी गणपती, मग खाली दादांचा फोटो, त्याखाली जुनी-नवी मंडळी. वहिनींनी मला दादांचा कोट-टाय घातलेला, पासपोर्टच्या फोटोसारखा गंभीर फोटो दिला होता. तो मी नाही लावला. जयपूरजवळ कानोत्याच्या धरणावर मंडळाची सहल गेली होती, तेव्हा मी स्वतः दादांचा एक फोटो काढला होता. पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली, चपला हातात, आणि कुणीतरी पाण्यात पडल्यामुळे खदाखदा हसताहेत. तो लावला. भिंतीवर एवढे मोठे दादा हसताना बघून वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी अंधारात माझा हात घट्ट धरला. दादांच्या डोक्यावर ‘अभिनंदन! तुम्ही भाग्यवान विजेते आहात!’ अशी इंग्रजी जाहिरात नाचत होती, आणि आमचे अध्यक्ष गुलाबराव मोठ्याने विचारत होते की दादांना हे काय लागलं म्हणून. रडता रडता आम्ही हसलो.

मग दिवाळीत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे वार्षिक सभेत कार्यकारिणी बदलली. दादांचे जुने दोस्त कदम आणि गद्रे वयामुळे बाजूला झाले, आणि सचिव झाले मी. दुसरी गोष्ट म्हणजे वहिनींचा मुलगा अभिजित हैदराबादहून आला. वहिनी एकट्या असायच्या, म्हणून त्याने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिलेला. पण त्या मराठी पेपर उघडायला गेल्या की मधेच कसली तरी खिडकी टपकायची आणि तीत अर्ध्या कपड्यांतल्या बाया. वहिनी घाबरून कॉम्प्युटरच बंद करायच्या. अभिजितने नवा ब्राउझर टाकला, त्याला जाहिराती अडवणारं काहीतरी जोडलं आणि गेला. वहिनींनी मला फोन करून कौतुकाने सांगितलं की आता पडदा कसा सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ दिसतो. मीही म्हटलं, वा.

डिसेंबरात एका दुपारी मी मेथी निवडत बसले होते आणि फोन वाजला. वहिनी. ना कशी आहेस, ना काय चाललंय.

“दादांचा फोटो कुणी काढला?”

मला वाटलं, कुणीतरी पाहुणी आलीय, तिला साईट दाखवताहेत, आणि फोटोचं कौतुक चाललंय. मी फुलून म्हटलं, “मी काढला की, वहिनी!”

“तू? स्वतः?”

“मग काय तर! दुसऱ्या कुणाला जमलं असतं का?”

पलीकडून फोन बंद झाला. मी लाईनला शिव्या दिल्या आणि मेथी निवडायला लागले.

खरा प्रकार कळला तो संक्रांतीला. जयपूरची संक्रांत म्हणजे सगळं शहर गच्चीवर. पतंग, लाऊडस्पीकर, ‘वो काटा’ची आरोळी, घरोघरी दुधातली गोड फेणी. आमच्या मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम संध्याकाळी. मी वाटी घेऊन वहिनींसमोर गेले, वाकून नमस्कार केला, तिळगूळ पुढे केला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. सगळ्यांदेखत. म्हणाल्या, “पाठीमागे फोटो काढायचे आणि तोंडावर गोड बोला म्हणायचं. मला नको तुझा तिळगूळ.”

मग एकेक बाहेर पडलं. सचिव झाल्याबरोबर मी म्हणे साईटवरून दादांना हटवलं. कदमांना हटवलं, गद्रेंना हटवलं, दादांचा सगळा गटच साफ केला. राहिले फक्त नव्या कमिटीचे चेहरे, त्यातही माझा सगळ्यात ठळक. आणि वर विचारलं तर बेशरमपणे सांगितलं, मीच काढला, दुसऱ्याला जमलं नसतं! मी तिथल्या तिथे सांगायचा प्रयत्न केला की अहो, काढला म्हणजे कॅमेऱ्याने काढला, फोटो जागेवरच आहे. त्या म्हणाल्या, शब्दांचे खेळ माझ्याशी करू नकोस, मला डोळे आहेत.

मी तशीच घरी धावले. कॉम्प्युटर लावला. दादा तिथेच, चपला हातात घेऊन हसताहेत. लगेच फोन केला, की मी आत्ता बघतेय, फोटो आहे. त्या म्हणाल्या, आता लावला असशील. त्यांनी त्यांच्या घरी उघडून पाहिलं तर नाहीच. तर मग म्हणे मी फोन ठेवल्या ठेवल्या पुन्हा काढला! गुलाबरावांनी आपल्या घरून पाहिलं, त्यांनाही फोटो दिसला, त्यांनी तसं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी. माझ्या घरी कुणी खुलासे घेऊन यायचं नाही. मंडळात दोन तट पडले.

मग माझंही डोकं फिरलं. मी काय चोर आहे? ज्या माणसाला मी इतकी वर्षं ओवाळलं, त्याला मी पुसून टाकीन? मनोहर रोज म्हणायचा, जा, त्यांच्या घरी बसून बघ काय दिसतं ते. मी म्हणायची, अडलंय माझं खेटर. रात्री मात्र झोप लागायची नाही. त्यांचा फोन आला असेल का म्हणून सकाळी उठून आधी बघायची, आणि नसला की दुप्पट चिडायची.

होळीच्या सुमाराला कळलं की अभिजित त्यांना कायमचं हैदराबादला नेतोय. मंडळाने निरोप समारंभ ठरवला. त्यांनी गुलाबरावांना सांगून पाठवलं, जिथे ह्यांच्या फोटोला जागा नाही तिथली शाल आणि नारळ मला नको. ते ऐकलं आणि मला कळलं की आता खरंच सगळं संपतंय. जयपुरात माझं माहेर म्हणजे ते एक घर. दादा गेले तेव्हा अर्धं गेलं होतं. आता वहिनी मला पाण्यात बघत गाडीत बसल्या असत्या तर उरलेलंही गेलं असतं, आणि जन्मभर कुणाला सांगायचं होतं, की मी नाही काढला हो? सामान न्यायला ट्रक येणार त्याच्या आदल्या दुपारी मी चपला पायात सरकवल्या आणि न बोलावता गेले.

वहिनींनी दार उघडलं. या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला. शत्रूलाही पाणी विचारल्याशिवाय राहवायचं नाही त्यांना. घरभर खोकी, सुतळ्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही काही. कॉम्प्युटर तेवढा अजून टेबलावर होता. मी म्हटलं, वहिनी, काय दिसतं ते मला एकदा तुमच्या डोळ्यांनी बघायचंय, मग जाते. त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या. पत्ता टाइप करताना त्यांना बघावंसुद्धा लागलं नाही, बोटं आपोआप चालली. किती वेळा उघडलं असेल त्यांनी ते पान, ते मला त्यावरून कळलं.

पान उघडलं. गणपती आला. त्याखाली दादांचं नाव आलं, मी लिहिलेल्या चार ओळी आल्या. दादा आले नाहीत.

रिकामी जागासुद्धा नव्हती. फोटो कधी नव्हताच अशा थाटात खालचा मजकूर वर सरकून बसला होता. त्याखाली कदमांचं नुसतं नाव, गद्रेंचं नुसतं नाव. आणि मग नवी कमिटी. गुलाबराव, बाकीचे, आणि दात काढून हसणारी मी. क्षणभर मला माझाच भरवसा वाटेना. माझ्याच हातून काही झालं का? एक मात्र पटलं. मी वहिनींच्या जागी असते आणि मला रोज हे दिसलं असतं, तर मी तिळगूळ नाकारून थांबले नसते, वाटी उधळली असती.

मी वर-खाली बघत राहिले. काहीतरी चुकत होतं. पान फार शांत होतं. माझ्या घरी हे पान उघडलं की आधी डोक्यावर थयथयाट सुरू होतो.

“वहिनी,” मी म्हटलं, “ती भाग्यवान विजेत्याची जाहिरात कुठंय?”

“ती कधीच गेली. अभिजितने बंद केल्यात ना सगळ्या.”

मी म्हटलं, अभिजितला फोन लावा. आत्ता.

अभिजित ऑफिसात होता. मी सगळं सांगितलं, तर आधी त्याला पटेना. मतलब, आत्या, ते फक्त जाहिराती अडवतं, फोटो कशाला अडवेल? (लहानपणापासून मला आत्या म्हणतो, आणि जयपुरात वाढल्यामुळे दर वाक्याला ‘मतलब’.) मग त्याला आठवलं. ते जोडलं तरी दोन-चार जाहिराती येतच होत्या आणि त्याची तर दुसऱ्या दिवशी गाडी होती. म्हणून त्याने घाईत आपल्या पदरचा एक नियम घालून दिला होता. जाहिरातीला इंग्रजीत ‘अ‍ॅड’. तेव्हा ज्या चित्राच्या पत्त्यात, म्हणजे फाईलच्या नावातसुद्धा, ए आणि डी ही अक्षरं शेजारी शेजारी येतील ते चित्र दाखवायचं नाही, त्याची जागाही ठेवायची नाही. चार चांगली चित्रं गेली तर गेली, आईला काय कळणार आहे, असं त्याला वाटलं होतं.

“आत्या, दादांच्या फोटोच्या फाईलचं नाव काय ठेवलंय तुम्ही?”

मी एकेक अक्षर सांगितलं. “डी, ए, डी, ए.”

मग तो हळूच म्हणाला, “अरे देवा.”

मी मनातल्या मनात पुढची नावं मांडली. कदम. के, ए, डी. गद्रे. जी, ए, डी. मला हसू फुटलं, ते आवरेना. एवढं मोठं राजकारण, मंडळात दोन तट, तिळगूळ, नारळ, सगळं दोन अक्षरांचं. मी हसतेय आणि डोळ्यांतून पाणी येतंय, असं वेड्यासारखं झालं. यंत्राला तरी कुणीतरी तसं सांगितलं होतं. आम्हा दोघींना कुणी सांगितलं होतं? माझ्याकडून आलेलं काहीही त्यांनी आत घेतलं नाही, आणि त्यांच्या दारापर्यंत जाऊन बघायला मला ट्रक यायची वेळ यावी लागली.

वहिनी हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी दिलेल्या त्या कोटातल्या फोटोच्या फाईलवर काय नाव होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नंदकिशोर सबनीस. फाईल पाठवताना अभिजितनेच लिहिलं होतं.

“ते नाव असतं तर हे मला दिसले असते?”

“हो.”

“मग तू दादा कशाला लिहिलंस?”

त्यात राग नव्हता. खरोखरच विचारत होत्या. फाईलला नाव देताना मी काही विचारच केला नव्हता. बोटांना जे आलं ते लिहिलं होतं.

“वहिनी, मी त्यांना कधी नंदकिशोर म्हटलंय का?”

त्यांनी पदर तोंडाला लावला. फोनवरून अभिजितचे ‘हॅलो, हॅलो’ चालले होते, ते कुणी ऐकत नव्हतं.

शेवटी मी फोन कानाला लावला. त्याने दोन मार्ग सांगितले. एक, इथला नियम काढून टाकायचा. दुसरा, मी साईटवर फाईलचं नाव बदलायचं. त्याच्या मते दुसरा बरा, कारण आईच्या जाहिराती बंदच राहतील, आणि असा नियम आणखी कुणाकडे असला तरी दादा दिसतील. मलाही ते पटलं. म्हटलं, घरी जाऊन लगेच बदलते, पाच मिनिटांचं काम आहे.

“नाव बदलायचं नाही,” वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, अहो, मग त्या सगळ्या जाहिराती परत येतील. त्या खिडक्या, त्या बाया.

“येऊ देत. बाया काय मी पाहिल्या नाहीत? पण ते नाव तसंच राहू दे.”

अभिजित फोनवर सांगत गेला तसा मी तो नियम खोडला आणि पान पुन्हा उघडलं. सगळ्यात आधी भाग्यवान विजेता उड्या मारत आला. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे बैलगाडी. गणपती आला, आणि मग त्याच्याखाली वरून थोडं थोडं करत दादा उतरायला लागले. आधी विस्कटलेले केस, मग कपाळ, मग ते हसणं, मग हातातल्या चपला, आणि शेवटी उघडे गुडघे. वहिनी पुढे वाकून बघत होत्या. मला वाटलं आता त्या रडणार. त्या म्हणाल्या, “पँट तरी खाली सोडायला सांगायची होतीस फोटोच्या वेळी. सगळं जग बघतंय.”

मग उठून आत गेल्या. मी एका खोक्यावर बसले. मला बोलायचं होतं की मी आधीच यायला हवं होतं, पण त्या ओट्याशी काहीतरी शोधत होत्या, सुतळी तोडल्याचा आवाज आला, कागद फाटल्याचा आला. माफी त्या मागणार नाहीत, हे मला माहीत होतं. वयाने मोठ्या, त्यात सबनिसांच्या घरातल्या. आणि मला ती नकोही होती.

आतून हाक आली.

“वन्सं, कपबशा सगळ्या बांधून झाल्यात. एका पेल्यात दोघींना चहा चालेल ना?”

मला आधी कळलंच नाही की त्या कुणाशी बोलताहेत. वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण. इतक्या वर्षांत मी त्यांना वहिनी म्हणत आले, पण त्या नात्याचं दुसरं टोक त्यांनी कधी धरलं नव्हतं. मी त्या खोक्यावर बसून हमसून हमसून रडत होते, आणि रडता रडताच ‘चालेल’ म्हणाले.